रमाबाईंचं बायबल आणि आजीच्या पेटीतली एक प्रत

जाईची_वेल

गेल्या महिन्यात आईचं घर आवरताना आजीची लोखंडी पेटी उघडली. वर दोन नऊवारी, त्याखाली पितळी तांब्या आणि तळाशी जुनेराच्या फडक्यात बांधलेलं एक जाडजूड पुस्तक. पुठ्ठा कधीच गेलेला, पाठीला कुणीतरी मांजरपाटाची पट्टी खळीनं चिकटवलेली. मला वाटलं, आम्ही रविवारी उपासनेला नेतो तेच पवित्र शास्त्र, फक्त जुन्या छपाईचं. दोन ओळी वाचल्या आणि थांबले. लहानपणापासून पाठ असलेली वचनं, पण शब्द वेगळे. पहिलं पान शोधलं तर तिथे छापलेलं, मुक्ती, केडगाव. म्हणजे पंडिता रमाबाईंनी केलेलं भाषांतर आमच्या घरात इतकी वर्षं पडून होतं आणि मला पत्ता नव्हता.

रमाबाई आपल्याला शाळेत एका परिच्छेदात भेटतात. जन्म १८५८, बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे १८ हजार श्लोक पाठ, कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, १८८९ साली विधवांसाठी शारदा सदन, पुढे केडगावचं मुक्ती मिशन. परिच्छेद इथे संपतो. त्यांनी पंचेचाळिशी ओलांडल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, हे सहसा कुणी सांगत नाही. जे सांगतात तेही 'धार्मिक कार्य' म्हणून एका ओळीत उरकतात. मला मात्र गेला महिनाभर ते पुस्तक वाचताना असं वाटायला लागलंय की बाईंना श्रद्धा म्हणजे नेमकं काय वाटत होतं, हे त्यांच्या भाषणांपेक्षा या कामात जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून हा धागा.

त्यांची वाट आधी थोडी सांगते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि सह्याद्रीच्या रानात गंगामूळला जाऊन राहिले. पुढे सगळं कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरलं. १८७४ पासूनच्या दुष्काळात वडील, आई, मोठी बहीण अशी एकेक माणसं गेली. उरलेले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश पालथा घालत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथला एक प्रसंग त्यांनी १९०७ सालच्या आत्मनिवेदनात लिहिलाय. दोघा भावंडांना ख्रिस्ती लोकांच्या एका मेळ्याला बोलावलं होतं. चहा-बिस्किटं झाली, कुणी पुस्तक उघडून वाचलं आणि मग सगळे आपापल्या खुर्चीपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बोलायला लागले. समोर मूर्ती कुठेच नाही. त्यामुळे या दोघांना वाटलं की ही माणसं खुर्च्यांनाच नमस्कार करताहेत! त्याच भेटीत त्यांना संस्कृत बायबलची एक प्रत मिळाली. ती वाचायला घेतली, पण त्यांना त्यात रस वाटेना. भाषा आपल्या शास्त्रांहून फारच निराळी होती.

लग्नानंतर आसामात सिल्चरला असताना लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली पुस्तिका हाती लागली. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीनं गेला. कडेवर लेक मनोरमा घेऊन बाई पुण्याला आल्या, वर्षभरात इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या आश्रयगृहात नेलं. समाजानं टाकलेल्या बायकांना तिथे कुणी हिडीसफिडीस करत नव्हतं, माणसासारखं वागवत होतं. हे कशामुळे, असं विचारल्यावर एका सिस्टरनं योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पण बाप्तिस्मा घेतला म्हणून मान तुकवली असं झालं नाही. वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डिनबरोबरचा त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९७७ साली छापलाय, तो मिळाला तर जरूर वाचा. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मला पटत नाही, अमुक मतसार बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा, बिशप म्हणतात म्हणून मी का मानू. असं एकामागून एक पत्र. आपल्याकडच्या भटभिक्षुकांचं जू महत्प्रयासानं मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं घेणार नाही, हा सगळ्या पत्रांचा सूर. इंग्लंडमधल्याच चेल्टनहॅमला त्यांनी मुलग्यांना शिकवायचं ठरवलं तेव्हा मोठमोठ्या धर्मगुरूंनी हरकत घेतली. त्यावर बाईंनी कळवलं की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्यानं जी हरकत घेतली नाही ती तुम्ही घेता, याचं मला आश्चर्य वाटतं.

आणि मग याच बाईंनी आयुष्याची शेवटची दीडेक दशकं केडगावात बसून हे भाषांतर केलं. शेकडो बायका-मुलींचा संसार अंगावर, कानानं कमी ऐकू येत असलेलं, समोर हिब्रू-ग्रीक कोश. आधीची मराठी भाषांतरं होती, चर्चमध्ये चालत होती. पण ती संस्कृतप्रचुर आहेत, साध्या बाईला कळत नाहीत आणि त्यांतले कितीतरी शब्द मूळच्या अर्थाऐवजी आपल्या जुन्या धर्मकल्पना मनात जागवतात, हा त्यांचा आक्षेप होता. मग सुधारून देतो म्हणणाऱ्यांची वाट न बघता त्या थेट मुळाशी गेल्या. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. नऊ महिने व्हायच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, बाई गेल्या. शेवटची प्रुफं तपासूनच त्यांनी डोळे मिटले असं सांगतात. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

आजीच्या प्रतीत रूथच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर हळदीचा डाग आहे. पुसट नव्हे, चांगला बोटाएवढा ठसा. बाकी पुस्तक जपलेलं, फक्त इथे. स्वयंपाक करता करता आजी वाचत असणार. रूथ ही कथा दुष्काळानं सुरू होते आणि तीन विधवांची होते. मुक्तीच्या बायकांनी ही पानं कशी वाचली असतील याचा विचार करतेय तेव्हापासून.

तुमच्याकडे कुणाच्या घरी ही प्रत आहे का? आणि भाषांतराबद्दल तुमचं काय मत आहे तेही सांगा.

नगरी_माणूस

सलाम ताई. आमच्या मंडळीत एका म्हाताऱ्या बाईंकडे होती, त्या गेल्यावर कुठे गेली माहीत नाही. पाळकसाहेब कधीच त्यातून शास्त्रपाठ घेत नसत. लहानपणी आम्हाला सांगितलं जायचं की ते 'केडगावचं बायबल', आपलं नव्हे. का, ते कुणी सांगितलं नाही.

जुना_पुणेकर

लेख आवडला, पण दोन गोष्टी मनात आहेत त्या बोलतो. रमाबाईंच्या विद्वत्तेबद्दल दुमत नाही. पण १८९३ साली रानडे आणि भांडारकरांसारखी माणसं शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडली, ती काही कर्मठ नव्हती. त्यांना जे खुपलं त्याला काही अर्थ असेल की नाही? दुसरं, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी बायका-मुली केडगावला आणल्या आणि त्यांचा धर्म बदलला. उपाशी माणसाला पसंती-नापसंती असते का? हा प्रश्न मला आजही छळतो.

आणि ज्या बाईला भागवत मुखोद्गत होतं तिनं संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढावेत, याचं वाईट वाटतं.

जाईची_वेल

जुना_पुणेकर, मोकळेपणानं लिहिलंत, बरं वाटलं. शारदा सदनाबद्दल एवढंच सांगते की बाईंवर मुख्य आरोप होता तो दाराचा. पहाटे त्या आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करत आणि दार उघडं असे. काही विधवा मुली येऊन बसायला लागल्या. त्यांना या म्हटलं नाही आणि जा म्हणूनही सांगणार नाही, ही बाईंची भूमिका. पुण्याचं म्हणणं, दार लावा. यात दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं खरं वाटत होतं असं मला वाटतं. सदनात धर्मप्रचार करणार नाही या बाईंच्या शब्दाचा रानड्यांना भंग दिसला, बाईंना दार लावणं म्हणजे स्वतःच्या घरात चोरासारखं राहणं वाटलं.

दुष्काळाच्या प्रश्नावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. आमचंच घराणं तसल्या एका दुष्काळातून ख्रिस्ती झालेलं आहे. माझ्या खापरपणजीला विचारता आलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं, कोण जाणे. एवढं मात्र दिसतं की केडगावात त्या मुलींना भाकरीबरोबर अक्षर मिळालं. विणकाम, तेलघाणा, गोठा, शेती, छापखाना ही सगळी कामं बायकांच्या हाती होती. आंधळ्या बायकांसाठी बार्तिमय सदन होतं आणि मनोरमेनं अमेरिकेत शिकून आणलेली ब्रेल तिथे शिकवली जायची.

सेमिनरीतला

मी सध्या ग्रीक शिकतोय (हिब्रूची पहिली पायरी झाली), त्यामुळे या धाग्यावर न लिहून राहवत नाही.

ताईंनी शोमरोनी बाईचा उल्लेख केला. त्या गोष्टीत एक वाक्य आहे, योहान ४:९. बाई विहिरीवर पाणी भरायला आली आहे, येशू तिला पाणी मागतो. ती दचकते, म्हणते तुम्ही यहूदी असून माझ्याकडे पाणी कसं मागता? पुढे खुलासा येतो की यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नाहीत. आता तिथलं ग्रीक क्रियापद 'सुन्ख्राओमाय', त्याचा शब्दशः अर्थ 'बरोबर वापरणं'. म्हणून कितीतरी अभ्यासक ते वाक्य असं वाचतात की यहूदी शोमरोन्यांची भांडी वापरत नाहीत. युरोपातल्या वाचकाला हे तळटीप देऊन समजवावं लागतं. आपल्याकडे कुठल्याही गावातल्या बाईला विचारा, ती सांगेल, भांड्याचा विटाळ आहे हा! पाणी मागणाऱ्या माणसाकडे पोहराच नाही, म्हणजे तो हिच्याच घागरीनं पिणार. सगळी गोष्ट त्या घागरीवर उभी आहे. आणि २८ व्या ओवीत ती बाई तीच घागर तिथे टाकून गावाकडे धावते.

पुराणिकाच्या घरात वाढलेल्या, सोवळ्याओवळ्यात जन्म गेलेल्या रमाबाईंना परक्या देशात नेमकी हीच गोष्ट भिडली, यात मला नवल वाटत नाही.

आता भाषांतराबद्दल. मी सेमिनरीच्या ग्रंथालयात त्यांची प्रत थोडीफार पाहिली आहे. खरं सांगायचं तर माझ्या कानाला ती जागोजागी ओबडधोबड लागते. मुळातल्या शब्दाला शब्द देण्याच्या हट्टापायी वाक्य अवघडतं. कळायला सोपं करायचं आणि मुळालाही धरून राहायचं, ही ओढाताण सतत दिसते. पण एक उदाहरण देतो म्हणजे त्यांची अडचण कळेल. उत्पत्तीच्या दुसऱ्याच ओवीत हिब्रू शब्द आहे 'रूआख'. त्याचा अर्थ वारा, श्वास आणि आत्मा, तिन्ही. मराठीत 'आत्मा' म्हटलं की वारा आणि श्वास निसटतात, वर अद्वैतातला आत्मा आपोआप येऊन बसतो. इंग्रज मिशनऱ्याला हे पंडितांना विचारून समजत असेल. रमाबाईंना विचारावं लागत नव्हतं. त्या शब्दाचं मागचं सगळं गणगोत त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्यांना तो जास्त टोचला असणार.

टोरांटोकर

एक दुरुस्ती, रागावू नका. समाजमाध्यमांवर 'संपूर्ण बायबल भाषांतरित करणारी जगातली पहिली स्त्री' असं रमाबाईंबद्दल फिरत असतं. या धाग्यात कुणी तसं म्हटलेलं नाही, पण म्हणण्याआधी सांगून ठेवते. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ग्लास्टनबरीच्या ज्युलिया एव्हेलिना स्मिथ यांनी संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून एकटीनं इंग्रजीत आणलं आणि १८७६ साली स्वखर्चानं छापलं. त्याही हट्टी होत्या. मतदानाचा हक्क नाही तर कर भरणार नाही म्हणाल्या, म्हणून नगराच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या गायी जप्त करून लिलावात काढल्या. तरी ज्युलिया आणि त्यांची बहीण बधल्या नाहीत.

१८८६ च्या मार्चमध्ये ज्युलिया वारल्या. आणि त्याच मार्चमध्ये रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात होत्या. दोघींची भेट व्हायला हवी होती असं फार वाटतं.

पहिलेपणाचा मान काढून घेतला तरी रमाबाईंचं काम तसूभर कमी होत नाही. ज्युलियाबाईंची मातृभाषा इंग्रजी, हाताशी सगळी साधनं. इथे कोश इंग्रजीत, मूळ हिब्रूत आणि उतरवायचं मराठीत. तेही वऱ्हाड-मध्य प्रांतापासून गुजरातपर्यंतच्या नाना बोली बोलणाऱ्या बायकांच्या गराड्यात.

खिळाजुळारी

माझे वडील चाळीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे, मीही शाळेच्या सुट्टीत केसपुढे (खिळ्यांच्या खणांपुढे) उभा राहिलेलो आहे. त्यामुळे मला या गोष्टीत भाषेपेक्षा छपाई जास्त दिसते.

इंग्रजीची केस सुटसुटीत. देवनागरीची केस म्हणजे भिंतभर पसारा. अख्खी अक्षरं वेगळी, अर्धी वेगळी, जोडाक्षरं वेगळी, काना-मात्रा-वेलांटी-रफार वेगळे. प्रत्येक खण पाठ असावा लागतो, बघून काढत बसलात तर दिवसाला पान होणार नाही. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, ते डाव्या हातातल्या स्टिकमध्ये उलटंच वाचत जुळवायचं. ओळी गॅलीत उतरवायच्या, सुतळीनं बांधायच्या, प्रूफ काढायचं. मग चूक सापडली की चिमट्यानं खिळा उपसून दुसरा बसवायचा. एक रफार वाढला की ओळ पुढे सरकते आणि खालचा सगळा परिच्छेद हलतो. वडील म्हणायचे, प्रूफ तपासणारा खोडकर असला की जुळाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं.

बायबल हा हजाराच्या वर पानांचा ऐवज. प्रत्येक ओवीला आकडा. आणि हे जुळवणाऱ्या कोण, तर काही वर्षांपूर्वी ज्यांना ग म भ न येत नव्हतं अशा दुष्काळातून आलेल्या मुली. बाई शब्द बदलायच्या, प्रूफ परत यायचं, या मुली खिळे उपसायच्या. मला तर वाटतं, एखादा शब्द कळतो की नाही याची पहिली परीक्षा त्या केसपुढेच होत असेल. न कळणारा शब्द जुळवताना हात अडतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

जाईची_वेल

खिळाजुळारी, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, या गृहस्थांना सांग, अजून लिहा.

तळेगावची_माई

मला रमाबाईंपेक्षा ना. वा. टिळक जवळचे वाटतात, म्हणून थोडं वेगळं लिहिते. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि आपली सगळी काव्यपरंपरा बरोबर घेऊन आले. अभंग, ओवी, कीर्तन. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणत. 'ख्रिस्तायन' त्यांनी सुरू केलं आणि ते गेल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आजही आमच्या उपासनेत 'उपासना संगीत' उघडलं की टिळकांची पदं गायली जातात, टाळ-पेटीवर. लोकांच्या ओठांवर टिळक आहेत, रमाबाईंचं भाषांतर पेटीच्या तळाशी. श्रद्धा माणसाच्या आत रुजायची तर तिला त्याच्या जुन्या मातीतच लावायला हवी, असं मला वाटतं. जुने शब्द उपटून नवे लावले की मुळं धरत नाहीत.

सेमिनरीतला

माईंचं म्हणणं बरोबर आहे, पण टिळकांची माती आणि केडगावच्या बायकांची माती एक होती का? अभंग सगळ्यांचा, मान्य. पण भाषांतरात जी संस्कृत होती ती अभंगाची नव्हती, पोथीची होती.

नदीकाठ

बराच वेळ नुसती वाचत होते. जुना_पुणेकर आणि माई दोघांनीही संस्कृतचा मुद्दा काढला म्हणून लिहिते.

ताईंनी सांगितलेल्या पत्रव्यवहारात एक फार बोलका प्रसंग आहे. इंग्लंडमध्ये असताना क्रूस वापरण्याचा विषय निघाला. त्यावर लॅटिन अक्षरं असणार होती. रमाबाई अडून बसल्या. लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही? मला संस्कृत देववाणी म्हणून प्रिय नाही, माझ्या देशाची सगळ्यांत जुनी आणि सुंदर भाषा म्हणून प्रिय आहे, असा त्यांचा सूर होता. म्हणजे १८८४-८५ च्या सुमारास ही बाई संस्कृतसाठी मठातल्या सिस्टरांशी भांडत होती. आणि वीस वर्षांनी तीच बाई बायबलमधून संस्कृत काढत होती.

आधी मलाही हा विरोध वाटायचा. आता वाटत नाही. वाँटेजमध्ये लॅटिन ही मोठ्यांची भाषा होती, ज्यांना कळत नाही त्यांनी नुसती मान डोलवायची अशी. तिथे बाईंनी तिला नकार दिला. केडगावात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की इथे तीच जागा संस्कृतनं घेतली आहे. इथल्या बायकांची लॅटिन म्हणजे संस्कृत. मग तिलाही नकार. भाषा बदलली, भांडण तेच राहिलं. आपल्या सगळ्या शास्त्रांचं दोन गोष्टींवर एकमत आहे की बाई मुळातच वाईट आणि तिला पुरुषासारखा मोक्ष नाही, असं त्यांनी आत्मनिवेदनात लिहिलंय. हे त्या कुणाचं ऐकून म्हणत नव्हत्या. त्यांना ते श्लोक पाठ होते, कारण त्यांच्या आईला वाचायची परवानगी नसलेली भाषा वडिलांनी शिकवली होती. स्वतः वाचल्याशिवाय बाईची सुटका नाही, हे त्या घरातून शिकल्या. अनंतशास्त्र्यांनी बायकोला, रमाबाईंच्या आई लक्ष्मीबाईंना, रानात बसून जे दिलं तेच बाईंनी केडगावात दिलं, फक्त पोथी बदलली.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण हे मला माझ्याही घरातलं वाटतं.

जाईची_वेल

नदीकाठ, हे मला सुचलं नव्हतं. दोनदा वाचलं.

जुना_पुणेकर

नदीकाठ यांच्या प्रतिसादावर विचार करतोय. दुष्काळाबद्दलचा माझा प्रश्न तसाच आहे. संस्कृतबद्दलचं मात्र मागे घेतो.

नगरी_माणूस

'केडगावचं बायबल आपलं नव्हे' असं मी वर लिहिलं होतं, त्याची एक आठवण. माझी बायको चांगली अभ्यासू आहे, मुलांच्या रविवारच्या शाळेत वीस वर्षं शिकवते. एका मंडळीत (नाव घेत नाही) तिला एकदा ख्रिस्तजन्माच्या आठवड्यात वचन सांगायला उभं राहायचं होतं. सगळं ठरलं होतं, आदल्या संध्याकाळी निरोप आला की बायकांनी तिथून बोलू नये असं काही वडीलधाऱ्यांचं म्हणणं आहे. तिनं वाद घातला नाही. घरी येऊन कागद घडी करून शास्त्रात ठेवला, अजून तिथेच आहे. आज हा धागा तिला वाचायला दिला. रमाबाईंनी आत्मनिवेदनात लिहिलंय ना, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी कळलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता? ते वाक्य तिला पाठ आहे. माझ्या मागे लागली आहे, केडगावला एकदा घेऊन चला.

सेमिनरीतला

दादा, त्या कागदावर जे आहे ते वहिनींना इथे लिहायला सांगा. आम्ही वाचू.

ताई, रूथबद्दल राहिलंच. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचं घर'. म्हणजे त्या पुस्तकाची सुरुवात अशी की भाकरीच्या घरात दुष्काळ पडला. नामी नवरा-मुलं घेऊन परमुलखात जाते, तिथे तिन्ही पुरुष मरतात. सुनांपैकी एक माहेरी जाते. दुसरी, रूथ, सासूला सोडत नाही आणि तिच्याबरोबर परत येऊन जवाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून पडलेली कणसं वेचते. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, सरवा. इंग्रजी वाचणाऱ्या आजच्या मुलांना यासाठीचा शब्द कोशात बघावा लागतो. आमच्या आजीनं सरवा वेचलाय.

तळेगावची_माई

सरवा! किती वर्षांनी हा शब्द ऐकला. आमच्याकडे भुईमुगाचा सरवा वेचायला जायचो आम्ही मुली, ओटीत शेंगा घेऊन. टिळकांची बाजू सोडत नाही हं मी, पण ती प्रत मला एकदा हातात घेऊन बघायची आहे.

जाईची_वेल, एक विचारू का? तुमच्या आजी स्वयंपाक करताना वाचायच्या म्हणालात. पण जुन्या बायका शास्त्राला ओल्या, भरल्या हातानं शिवत नसत. माझी आई तर हात धुऊन, पदराला पुसून मगच उघडायची. तो डाग नक्की आजींचाच का?

जाईची_वेल

माई, तुमचा प्रश्न वाचला आणि तसाच आईला विचारला. आई हसली. म्हणाली, तुझ्या आजीचा कसा असेल, ती हात धुतल्याशिवाय आम्हालाही हात लावू द्यायची नाही.

शेजारी एक काकू राहायच्या, लहानपणीच कपाळ उघडं पडलेल्या. ख्रिस्ती नव्हत्या. लोकांच्या घरी हळद-तिखट कांडून द्यायच्या. दुपारी कांडण झालं की आमच्या ओसरीवर टेकायच्या आणि आजी त्यांना वाचून दाखवायची. त्यांना दुसरं काही नको असायचं, नामीचं वाच म्हणायच्या. आजीचा डोळा लागला की काकू पुस्तक स्वतःकडे ओढून घ्यायच्या आणि आईला, म्हणजे तेव्हाच्या सात-आठ वर्षांच्या पोरीला, पानावर बोट ठेवून विचारायच्या, "इथनं सांग गं, इथं काय लिवलंय?"